सुटीत सहकुटुंब संग्रहालयात
राजा दिनकर केळकर संग्रहालयात मुलांबरोबर काय पाहावे, काय करावे

पुणे - वार्षिक परीक्षा संपली, की पहिला आठवडा मुलांचा हुंदडण्यात जातो. मग ऊन वाढते, दुपारी मैदाने ओस पडतात आणि 'आता काय करू?' हा प्रश्न घराघरांत ऐकू येऊ लागतो. शिबिरे, पोहण्याचे वर्ग, मामाचे गाव हे पर्याय असतातच. पण जूनच्या मध्यापर्यंतची सुटी तेवढ्याने भरत नाही. अशा वेळी शहरातच असलेले, उन्हापासून दूर आणि तीन पिढ्यांना एकत्र नेता येईल असे ठिकाण म्हणजे वस्तुसंग्रहालय. पुण्यातील अनेक कुटुंबांनी ते केवळ बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले असते.

संग्रहालयाची भेट मुलांना कंटाळवाणी वाटते, ही पालकांची तक्रार खोटी नाही. परंतु तिचे कारण बहुधा संग्रहालयात नसून भेटीच्या पद्धतीत असते. पाऊण तासात सारी दालने पालथी घालायची, प्रत्येक फलक मोठ्याने वाचायचा आणि बाहेर पडताना 'काय शिकलास?' असे विचारायचे, या क्रमाने मोठी माणसेही कंटाळतात. थोड्या वस्तू, भरपूर वेळ आणि प्रत्येक वस्तूमागचा एखादा प्रश्न, एवढे सूत्र पाळले तर हीच भेट सुटीतील लक्षात राहणारा दिवस ठरू शकते. त्यासाठी बाजीराव रस्त्यालगत, शुक्रवार पेठेतील नातू बागेत असलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय हे उत्तम ठिकाण आहे. येथे प्रामुख्याने राजे-महाराजांचे वैभव नाही. माणसाच्या रोजच्या वापरातील वस्तू आहेत. त्यामुळे येथील सर्वांत जाणता मार्गदर्शक कदाचित घरातच असतो. तो म्हणजे आजी किंवा आजोबा.

एका मुलाच्या नावाचे संग्रहालय

संग्रहालयाच्या नावातील 'राजा' ही पदवी नाही. ते एका मुलाचे नाव आहे. हे संग्रहालय उभारणारे डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा बालवयातच गेला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी आपल्या संग्रहाला त्याचे नाव दिले. १९२०च्या सुमारास सुरू झालेले हे संकलनाचे काम त्यांनी पुढे अनेक दशके केले आणि पत्नी कमलाबाई यांची त्यांना मोठी साथ लाभली. पुढे हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले.

संग्रहात आज वीस हजारांहून अधिक वस्तू असून, त्यांपैकी सुमारे अडीच हजार वस्तू प्रदर्शित केलेल्या असतात. म्हणजे साधारण आठ वस्तूंपैकी एकच आपल्याला दिसते. यातील बहुतेक वस्तू अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, स्वयंपाकघरातील भांडी, वाद्ये, कोरीव दारे, वस्त्रे, चित्रे, शस्त्रे असा त्यांचा पसारा आहे.

मुलांना आत नेण्यापूर्वी ही हकिगत जरूर सांगावी. एखादे संग्रहालय सरकारने किंवा संस्थानिकाने नव्हे, तर एका बापाने आपल्या मुलासाठी उभे केले आहे, हे कळले की मुले दालनांकडे वेगळ्या नजरेने पाहतात. शिवाय 'त्यांनी एवढे अडकित्ते कशाला जमवले असतील?' असा साधा प्रश्नही मग आपोआप पुढे येतो. ज्या काळात या वस्तू घरोघरी होत्या, त्या काळात त्या जपून ठेवाव्यात असे फार थोड्यांना वाटले. तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत घालून नवी घ्यावयाची, हा घरोघरचा रिवाज होता. मोडीत गेलेल्या भांड्याबरोबर त्याचा घाट, त्यावरचे नक्षीकाम आणि काही काळाने त्याचे नावही जाते. केळकरांच्या संग्रहाचे मोल आहे ते यासाठी.

जाण्यापूर्वीची तयारी

भेटीच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवल्यास दुसऱ्या दिवशीचा बराच त्रास वाचतो.

- मुलांना प्रत्येकी एक वही आणि एक पेन्सिल द्यावी. शाईचे पेन, रंगपेटी, खाऊचे डबे पिशवीतच ठेवावेत. अनेक संग्रहालयांत ते दालनात नेऊ देत नाहीत.
- 'आपण दहाच वस्तू पाहणार आहोत' असे आधीच ठरवावे. कोणत्या दहा, ते मुलांनी आत गेल्यावर निवडावे.
- आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीच्या घरातील पाच वस्तूंची नावे विचारून ती वहीत लिहून घ्यावीत. त्यांपैकी कोणत्या संग्रहालयात सापडतात, हा दुसऱ्या दिवशीचा शोध.
- सकाळची वेळ निवडावी. ऊन कमी असते आणि लहान मुले ताजीतवानी असतात.
- दीड तासाहून अधिक वेळ आत काढण्याचा आग्रह नको. दालने उरली तर पुन्हा येता येते. स्थानिक संग्रहालयाचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

संग्रहालयाची इमारत अनेक मजली आहे. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जाताना प्रवेशद्वारापाशीच चौकशी करावी आणि खालच्या मजल्यावरील दालने आधी पाहावीत.

काय पाहावे, काय विचारावे

अडकित्ते : या संग्रहाची विशेष ओळख म्हणजे येथील अडकित्ते. पक्षी, घोडे, स्त्री-पुरुषांच्या जोड्या अशा अनेक आकारांत ते घडविलेले आहेत. लहान मुलांना 'यात तुला कोणता प्राणी दिसतो?' एवढे विचारले तरी पुरते. मोठ्या मुलांसाठी येथे विज्ञानाचा धडाच मांडून ठेवला आहे. अडकित्त्याची दोन पाती एका टोकाला खिळीने जोडलेली असतात, सुपारी मध्ये आणि हाताचा जोर दुसऱ्या टोकाला. शाळेत शिकविली जाणारी 'दुसऱ्या प्रकारची तरफ' ती हीच. लिंबू पिळण्याचे यंत्र याच तत्त्वावर चालते. घरात आणखी कोणत्या वस्तू अशा आहेत, ते शोधून काढण्याचे काम मुलांना द्यावे. एवढ्या साध्या हत्यारावर कारागिराने इतकी कलाकुसर का केली असावी, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. पानसुपारी हा तेव्हा पाहुणचाराचा भाग होता. तबक पाहुण्यांसमोर येई, आणि म्हणून त्यातील अडकित्ताही देखणा असे.

दिवे : वीज नसलेल्या घरात रात्री काय होत असेल, याची कल्पना आजच्या मुलांना केवळ बारा-पंधरा मिनिटे वीज गेल्यावर येते. दिव्यांच्या दालनात समई, लामणदिवा, निरांजन अशा प्रकारांतील फरक ओळखण्याचा खेळ खेळता येतो. समई जमिनीवर उभी राहते, लामणदिवा साखळीने टांगला जातो, निरांजन हातात किंवा तबकात धरता येते. दिवा कोठे ठेवावयाचा आहे, यावर त्याचा आकार ठरतो, हे मुलांनी स्वतः ताडावे. तेल कोठे भरत, वात कोठे बसत असे, काजळी कोठे जमत असेल, हे प्रश्न कोणत्याही दिव्यापुढे विचारता येतात.

वज्री : बहुतेक मुलांना हा शब्दच नवा असतो. स्नानाच्या वेळी पायाच्या टाचा घासण्यासाठी वापरावयाची ही वस्तू. तिची खालची बाजू मुद्दाम खरखरीत ठेवलेली असते आणि वरच्या बाजूला पक्षी, प्राणी किंवा वेलबुट्टी असते. फलक न वाचता 'ही वस्तू कशासाठी असेल?' असा अंदाज सर्वांनी करावा आणि मग आजीला विचारावे. 'ओळखा पाहू' या खेळासाठी वज्रीइतकी योग्य वस्तू क्वचितच मिळेल.

दौती आणि लेखनसाहित्य : दगडी, धातूच्या, नक्षीदार दौती पाहताना लिहिणे ही पूर्वी केवढी खटपट होती, ते लक्षात येते. बोरू तासावा लागे, शाई घोटावी लागे आणि लिहिलेले वाळण्यासाठी त्यावर बारीक वाळू पसरत. मराठी कागदपत्रांसाठी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी लिपी वापरात होती. हात न उचलता सलग लिहिण्यासाठी ती सोयीची. घरात पणजोबांच्या काळातील एखादे मोडी कागदपत्र असेल, तर ते बाहेर काढण्याचे निमित्तही या भेटीने मिळते.

वाद्ये : वाद्यांच्या दालनात हात लावता येत नाही, तरी कान वापरता येतात. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारेची ती तत, फुंकून वाजवावयाची ती सुषिर, कातडे मढविलेली ती अवनद्ध आणि धातू अथवा लाकूड एकमेकांवर आपटून वाजवावयाची ती घन. मुलांनी वहीत चार रकाने आखून दिसणारे प्रत्येक वाद्य योग्य रकान्यात लिहावे. पुढे आरतीच्या वेळी घरातील टाळ, घंटा, शंख, ढोलकी यांचीही हीच वर्गवारी करता येते.

चित्रकथी : संग्रहातील पैठण शैलीची चित्रकथी चित्रे मुलांबरोबर निवांत पाहावीत अशी आहेत. मोठे डोळे, ठसठशीत रेषा, युद्धाचे व दरबाराचे प्रसंग. अशी चित्रे एकामागून एक दाखवीत, गात, रामायण-महाभारतातील आख्याने सांगण्याची ही कला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने ती परंपरा जपली आहे. एका चित्रासमोर उभे राहून प्रत्येकाने गोष्टीचे एकेक वाक्य सांगावे आणि पुढच्याने ती पुढे न्यावी. प्रसंग खरा कोणता, हे फलकावर शेवटी पाहावे.

मस्तानी महाल : थोरल्या बाजीराव पेशव्यांनी (१७००-१७४०) मस्तानीसाठी कोथरूड येथे बांधलेल्या वाड्याचे अवशेष आणून संग्रहालयात तो पुन्हा उभारण्यात आला आहे. चित्रपट व मालिकांमुळे मुलांना ही नावे ठाऊक असतात. परंतु पडद्यावरील झगमगत्या महालाशी या दालनाची तुलना त्यांनी स्वतः करावी. खांब कशाचे आहेत, छत किती उंच आहे, उजेड कोठून येत असेल? इतिहास आणि त्याचे नाट्यरूप यांतील अंतर समजावून सांगण्यापेक्षा ते असे दाखविणे सोपे.

वयोमानाप्रमाणे उपक्रम

चार ते सात वर्षे : या वयातील मुलांना फलकांशी कर्तव्य नसते. त्यांना शोधण्यात मजा वाटते. 'तीन हत्ती, दोन मोर आणि एक मासा शोध' असा खेळ द्यावा. दिवे, अडकित्ते, दारे, भांडी यांवर प्राणी-पक्षी भरपूर कोरलेले असतात. प्रत्येक सापडलेल्या प्राण्यामागे वहीत एक ठिपका. अर्ध्या-पाऊण तासानंतर मूल थकले, तर बाहेर आणावे. रडत रडत पाहिलेले शेवटचे दालन पुढच्या भेटीचा उत्साह मारते.

आठ ते बारा वर्षे : या वयासाठी वस्तूचे 'ओळखपत्र' तयार करण्याचा उपक्रम उत्तम. निवडलेल्या प्रत्येक वस्तूसाठी पाच नोंदी : नाव, कशाची बनविली, कोण वापरत असेल, आज तिच्याजागी आपण काय वापरतो आणि आपल्याला न समजलेली एक गोष्ट. पाचवी नोंद सर्वांत महत्त्वाची. सोबत एक रेखाटन करावे. ते सुबक असण्याची गरज नाही. पेन्सिलीने चित्र काढताना डोळ्यांना जे दिसते, ते छायाचित्र टिपताना निसटते.

तेरा वर्षांपुढील : या वयाच्या मुलांना 'चला, संग्रहालय पाहायला' असे म्हटले, तर नकार ठरलेला. त्यांना काम द्यावे. धाकट्या भावंडांचे मार्गदर्शक म्हणून त्यांची नेमणूक करावी किंवा एक दालन निवडून 'यातील तीनच वस्तू ठेवता येणार असतील, तर कोणत्या ठेवशील आणि का?' असे विचारावे. हाच प्रश्न संग्रहालय चालविणाऱ्यांपुढे रोज असतो. वीस हजारांतून अडीच हजार वस्तू मांडावयाच्या तर निवड करावी लागते, आणि त्या निवडीवर वाद घालता येतो. स्त्रियांच्या वापरातील वस्तू किती, कष्टकऱ्यांच्या किती, श्रीमंतांच्या किती, याची मोजदाद करून मोठी मुले त्यावर स्वतःचे मत बनवू शकतात.

आजी-आजोबांचा वाटा

एरवी मुलांसोबतच्या सहलींत ज्येष्ठांना 'तुम्ही इथे सावलीत बसा' असे सांगण्यात येते. येथे ते उलटे व्हावे. पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, विळी, खोवणी, जाते, रवी, पाटा-वरवंटा या वस्तू ज्यांनी प्रत्यक्ष हाताळल्या, अशी ही बहुधा शेवटची शहरी पिढी. जात्याचा खुंटा हाताला कसा लागे, बंबात पाणी तापायला किती वेळ लागे, ओल्या विळीची भीती कशी वाटे, हे फलकावर लिहिलेले नसते. ते ठाऊक असलेले माणूस शेजारी उभे असताना केवळ फलक वाचून पुढे जाणे हा करंटेपणा ठरेल.

शब्दांचेही तसेच आहे. मापांचेच उदाहरण घेता येईल. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेरांची पायली, हा हिशेब एके काळी शाळेत न गेलेल्या बायकांनाही तोंडपाठ असे. वजनमापांसाठी दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि हळूहळू जुनी मापे स्वयंपाकघरातून माळ्यावर गेली. 'चार आणे', 'सोळा आणे' हे शब्द बोलण्यात राहिले. पण रुपयाचे सोळा आणे का आणि आण्याचे किती पैसे, हे आज दहा वर्षांच्या मुलाला सांगणारे कोण? ते सांगण्याची ही संधी आहे.

यासाठी मोबाईलचा उपयोग करून घ्यावा. संग्रहालयातून परतल्यावर त्याच दिवशी आजी-आजोबांना एकेका वस्तूबद्दल बोलते करून ते ध्वनिमुद्रित करून ठेवावे. प्रश्न मुलांनी विचारावेत. 'तुझ्या लहानपणी कसे होते?' हा प्रश्न फार मोठा आहे. त्यापेक्षा 'तुमच्या घरी दिवा कोण लावत असे?' हा प्रश्न बरा. पहिल्याचे उत्तर दोन वाक्यांत संपते, तर दुसऱ्याचे अर्धा तास चालते. मुद्रणाला वस्तूचे नाव व तारीख देऊन ते कुटुंबातील दोघा-तिघांकडे जपून ठेवावे. संग्रहालये वस्तू टिकवू शकतात, परंतु त्या वापरणाऱ्याचा आवाज टिकविण्याचे काम घरालाच करावे लागते, आणि त्याला मुदत असते.

'हात लावू नका' का?

मुलांना सर्वाधिक खटकणारा नियम म्हणजे हात न लावण्याचा. तो दटावून न सांगता कारणासह सांगावा. हाताच्या घामात क्षार आणि त्वचेवर तेलकट अंश असतो. तो धातूवर राहिला, की डाग पडतात आणि गंज चढतो. एका हाताने फार बिघडत नाही, पण वर्षाला हजारो हात लागले तर नक्षी झिजते. देवळाच्या पायरीवर किंवा उंबऱ्यावर पडलेले खळगे मुलांना दाखवून हे पटवून देता येते. तीव्र प्रकाशाने कापडाचे व चित्रांचे रंग फिके पडतात, म्हणून दालनात उजेड बेताचा असतो आणि छायाचित्रे काढू दिली तरी फ्लॅश वापरू देत नाहीत. छायाचित्रणाविषयीचे नियम व त्यासाठीचे शुल्क यांची माहिती आत शिरण्यापूर्वीच घ्यावी.

स्पर्शाची भूक घरी भागविता येते. पितळी तांब्या आणि स्टीलचा पेला मुलांच्या हातात देऊन वजन, गारवा, आवाज यांतील फरक त्यांना सांगू द्यावा. चिंचेने किंवा लिंबू-मिठाने तांब्याचे भांडे घासून दाखवावे. काळवंडलेले भांडे डोळ्यांदेखत उजळताना पाहणे हा मुलांच्या दृष्टीने छोटा चमत्कारच असतो आणि आंबट पदार्थातील आम्लाची ओळखही त्यातून होते. मात्र जुन्या, नक्षीदार, मोलाच्या वस्तूंवर हा प्रयोग करू नये.

भेटीनंतर घरचे संग्रहालय

संग्रहालयाची भेट दाराबाहेर पडताना संपू नये. सुटीचे दिवस हाताशी असल्याने पुढील उपक्रम आठवडाभर पुरतात.

- घरातील सर्वांत जुनी वस्तू शोधावी. माळा, देवघर, शिवणाचा डबा, आजोबांची ट्रंक ही शोधाची ठिकाणे.
- अशा पाच ते सात वस्तू एका टेबलावर मांडून प्रत्येकीपुढे मुलांनी स्वतः लिहिलेला फलक ठेवावा. फलकावर चाळीसपेक्षा अधिक शब्द नकोत. थोडक्यात लिहिणे किती अवघड असते, ते यातून कळते.
- शेजारच्यांना आणि नातलगांना बोलावून प्रदर्शन दाखवावे. मार्गदर्शक अर्थातच मुले.
- प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन एका वहीत नोंद करावी : कोणाची, कोठून आली, केव्हा आली, आता कोठे ठेवली आहे. संग्रहालयांत हेच काम नोंदवहीत होते. नोंद नसलेली वस्तू एका पिढीनंतर अनोळखी होते.
- जाड पुठ्ठ्यातून गंजिफाची गोल पाने कापून रंगवावीत. सावंतवाडीची गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस पाने असतात. सारी नाही, तरी एका अवताराची बारा पाने दोन दुपारींत होतात.
- भेटीत ऐकलेल्या जुन्या शब्दांचा छोटा कोश करावा. वीस शब्द झाले तरी पुष्कळ.

एवढ्यात एखादी गोष्ट आवर्जून टाळावी. भेटीवर निबंध लिहावयास लावू नये. सुटीत शाळा आणली, की मुले संग्रहालयालाही शाळाच समजू लागतात.

शहरातील आणि राज्यातील अन्य ठिकाणे

केळकर संग्रहालय पाहून झाल्यावर बाजीराव रस्त्यानेच उत्तरेस गेल्यास वाटेत विश्रामबागवाडा आणि पुढे शनिवारवाडा लागतो. दिवस मोठा असेल, तर संध्याकाळी तेथे फेरफटका मारता येईल. पुण्यातील अन्य संग्रहालयांपैकी घोले रस्त्यावरील महात्मा फुले वस्तुसंग्रहालयाची स्थापना १८९० ची. उद्योग, शेती, भूशास्त्र अशा विषयांची आवड असलेल्या मुलांसाठी ते उपयुक्त आहे. कोथरूडमधील जोशी यांचे छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून सुरू असून, लहान मुलांना ते हमखास आवडते. आगाखान पॅलेस येथे महात्मा गांधी ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ या काळात स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे निधन तेथेच झाले. मोठ्या मुलांबरोबर जाण्याचे ते ठिकाण आहे. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय वारली चित्रे, मुखवटे, शेतीची अवजारे यांसाठी पाहावे.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये जनतेसाठी खुले झाले. त्याच्या आवारात २०१९ पासून खास मुलांचे संग्रहालय आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मधील असून, जुन्या मुंबईतील लोक, व्यवसाय व पेहराव दाखविणाऱ्या मातीच्या लहान प्रतिकृती हे त्याचे वैशिष्ट्य. शेजारीच राणीची बाग असल्याने मुलांची दुहेरी सोय होते. नागपूरकरांचा 'अजब बंगला' म्हणजे तेथील मध्यवर्ती संग्रहालय १८६३ मध्ये स्थापन झाले. सातारा जिल्ह्यातील औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेले श्रीभवानी संग्रहालय चित्रांची आवड असलेल्या कुटुंबाने एकदा तरी पाहावे.

उपयुक्त माहिती

पत्ता : राजा दिनकर केळकर संग्रहालय, नातू बाग, बाजीराव रस्त्यालगत, शुक्रवार पेठ, पुणे. टिळक रस्त्यावरून येणाऱ्यांनी अभिनव चौकातून बाजीराव रस्त्यास वळावे. या भागात वाहन उभे करण्यास जागा कमी असल्याने पीएमपी बस वा रिक्षा सोयीची.

वेळा व शुल्क : प्रवेशशुल्क, सुटीचे दिवस व वेळा यांत बदल होत असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी. शासकीय सुट्यांच्या दिवशी संग्रहालय उघडे असल्याची खात्री करूनच मुलांना सांगावे.

गर्दी : शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात बाहेरगावच्या सहलींची गर्दी असते. स्थानिक कुटुंबांनी शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस निवडावा.

विशेष दिवस : १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून तो जगभर पाळला जातो आणि महाराष्ट्रातील शाळांच्या सुटीतच येतो. त्या सुमारास अनेक संग्रहालये व्याख्याने, कार्यशाळा किंवा मार्गदर्शित फेऱ्या आयोजित करतात. आपल्या गावातील संग्रहालयात त्या दिवशी काय आहे, याची विचारपूस आठवडाभर आधीच करून ठेवावी. मुलांच्या कार्यशाळांच्या जागा मर्यादित असतात.